मुंब्र्यात ‘इस्लामिक बँक’ उघडलेली नाही

‘रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने मुंब्र्यात इस्लामिक बँक सुरू, सर्वांना फुकट कर्ज, आधार-पॅनची झेरॉक्स आणा’ असा मेसेज कौशापासून वाशीपर्यंतच्या ग्रुपवर फिरतोय. तो खोटा आहे. रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगची (इस्लामिक बँकिंग व्याज न घेण्यावरच उभं आहे) शिफारस केली होती खरी, पण हा विषय पुढे न नेण्याचं ठरल्याचं रिझर्व्ह बँकेनेच २०१७ मध्ये माहिती अधिकारात कळवलं.

आणि बिनव्याजी म्हणजे फुकट नव्हे! जिथे अशा बँका आहेत तिथे मुराबाहा नावाची खरेदी-विक्रीची पद्धत चालते. समजा, रिक्षा दोन लाखांची. बँक ती आधी स्वतः विकत घेते, मग तुम्हाला नफा धरून सव्वादोन लाखांना हप्त्यांवर विकते. हप्ता थकला तरी ठरलेली किंमत वाढत नाही. व्याजाच्या कर्जाशी फरक आहे तो इथे.

सगळंच थोतांड म्हणणंही चूक. मलेशियात २०१७ मध्ये निघालेल्या पहिल्या हरित सुकूकचा (शरियतला धरून, पर्यावरणपूरक कामांसाठी काढलेल्या रोख्यांचा) पैसा सौरऊर्जेत गेला. इंडोनेशिया सरकारने २०१८ मध्ये असेच सव्वा अब्ज डॉलर उभारले.

आपल्याकडे शरियतला धरून चालणारे म्युच्युअल फंड सेबीच्या नियमांखाली आहेत. पण नुसत्या ‘हलाल’ शब्दावर भुलू नका. घसघशीत परताव्याचं आमिष दाखवणारी बेंगळुरूची आयएमए ही गुंतवणूक कंपनी २०१९ मध्ये बुडाली. झेरॉक्स घरातच ठेवा.