ढग आले की आम्ही गॅसवर पाणी तापवायचं का?

डोकं फिरलंय अक्षरशः. जुलै लागला, पुण्यात सूर्य दिसायचा बंद झाला आणि सोलरचा नळ सोडला की गार पाणी, बादलीभर वाहू दिलं तरी कोमटसुद्धा येत नाही. फ्लॅट घेताना बिल्डरचा माणूस छातीठोकपणे सांगत होता, ट्यूबवालं सोलर आहे, ढगाळ हवेतही चालतं. किती चालतं ते सांगा ना! पातळ ढग असले तर त्या काचेच्या ट्यूबा थोडंफार पाणी तापवतात, मान्य, पण झड लागली की टाकीतलं गरम पाणी पहिल्याच सकाळी संपतं, खालून गार पाणी भरत राहतं आणि ते तापवायला वर ऊनच नसतं. डिसेंबरच्या थंडीत हेच सोलर चटका बसेल असं पाणी देतं कारण आभाळ स्वच्छ असतं. म्हणजे पावसाळ्यातच बोंब, आणि त्यासाठीच तर टाकीत बॅकअपची इलेक्ट्रिक कॉइल देतात!

ती आमच्याकडेही आहे. पण बंद. का, तर कॉमन मीटरचं बिल वाढतं म्हणे. अरे शंभर लिटर पाणी 25 डिग्रीवरून 50 वर न्यायला साधारण 3 युनिट लागतात, लावा ना मेंटेनन्समध्ये, कोण नाही म्हणतंय? कमिटी म्हणते ज्याने त्याने आपापला गीझर बसवा. सोलर आहे म्हणून बिल्डरने बाथरूममध्ये गीझरचा पॉइंटच काढला नाहीये, आता टाइल्स फोडू का?

मग रोज सकाळी मोठं पातेलं गॅसवर, उकळलं की दोन फडक्यांनी धरून किचनमधून बाथरूमपर्यंत न्यायचं, त्यात मुलगा शाळेच्या घाईत मधेच पळत येतो, काल हिंदकळून माझ्या पायावर सांडलं, तो अर्धा फूट पुढे असता तर त्याच्या अंगावर गेलं असतं. सासूबाईंचे गुडघे पावसात आखडतात, त्यांना गार पाण्याने आंघोळ करा असं मी सांगू?

एक टायमर लावायचाय फक्त. पहाटे 4 ते 6 कॉइल चालू, थर्मोस्टॅट 50 वर. आदल्या दिवशी ऊन पडलं असेल तर टाकी आधीच गरम असते, कॉइल लागणारच नाही, बिल कुठलं वाढतंय? इलेक्ट्रिशियनचं एका दुपारचं काम आहे हो! पुढच्या मीटिंगमध्ये हेच मांडणार आहे आणि "आता संपेलच की पावसाळा" हे उत्तर अजिबात ऐकून घेणार नाही.