मोबाईल आणि ट्रायपॉडवर भागत नाही भाऊ (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, हात अधू असणाऱ्याने कॅमेरा कसा निवडावा यावर मी पोस्ट लिहिली होती, तिच्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय की हाताने अधू असलेल्या माणसाला कॅमेऱ्याच्या खर्चात कशाला पाडता, चांगला मोबाईल घ्यावा, ट्रायपॉडवर लावावा, झालं, आणि शेतकऱ्याच्या लेकराला हे परवडतं का. पैशाचं तुमचं बरोबर आहे. सेकंडहँड बॉडीबद्दल (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) मी त्या पोस्टमध्ये एक ओळ पण लिहिली नाही, ती चूक माझीच. बाकीचं मात्र पटलं नाही.

माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटं कडबाकुट्टीत गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. मोबाईल मी पण वापरतो, सॅमसंगमध्ये सेटिंग चालू केलं की नुसतं "शूट" म्हणलं तरी फोटो निघतो, ज्याचे हात चालतच नाहीत त्याच्यासाठी हे लै मोठं काम आहे. पण रात्रीच्या लग्नात अक्षता पडताना, नाहीतर हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर लांब पाण्यात उभे राहिलेले फ्लेमिंगो, तिथं मोबाईल कमी पडतो. आणि ट्रायपॉडचं म्हणाल तर अजिंठ्याच्या लेण्यात फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते, मग त्या अंधारात कॅमेरा हातातच धरायचा ना! म्हणून बॉडीत नाहीतर लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हात थरथरला तरी फोटो हलू न देणारी सोय) बघा म्हणलं होतं, हौस म्हणून नाही.

वजनाचं तर मी भोगलंय. कॅनन ५डी मार्क ४ आणि त्यावर २४-७० ची २.८ लेन्स, मिळून साधारण १.७ किलो, हळदीपासून वरातीपर्यंत सगळा भार डाव्या हातावर, आणि संध्याकाळी मनगट सुजलेलं, म्हणजे जो एक हात धड आहे तोच घालवायचा का? आता कॅननच्याच हलक्या आर५० वर ५० एमएम लेन्स लावतो, सगळं मिळून ५३५ ग्रॅमच्या आसपास.

पण नुसतं हलकं बघून पण घेऊ नका. खरी अडचण शटरची आहे. बटण अर्धं दाबून फोकस धरायचा आणि मग पूर्ण दाबायचं, हे करंगळीने जमत नाही, मी महिनाभर धडपडलो. सुटलो ते स्क्रीनमुळं. बाजूला उघडणारी स्क्रीन डावीकडं उघडते, टच शटर चालू केलं की डाव्या अंगठ्याने टिचकी मारायची, फोकस आणि फोटो एकदमच. कॅमेऱ्याचा पट्टा मानेत ताणून धरला की हलत पण नाही.

ज्याला उजवा हातच नाही त्याने कॅमेरा उलटा धरून बघावा, ग्रिप आणि शटर डाव्या हाताकडं येतं, मेनूची अक्षरं उलटी दिसतात आणि फोटो नंतर कॉम्प्युटरवर फिरवून घ्यावा लागतो एवढंच. रिमोटवर काम करायचं असेल तर आधी त्याची जागा आहे का बघा, निकॉन डी३५०० सारख्या बॉडीला वायर रिमोटचं भोकच नाही. १९३६ च्या जर्मन एक्झॅक्टा कॅमेऱ्याचं शटर डावीकडं होतं हो, पण पुढं जवळपास सगळ्यांनी ते उजवीकडंच ठेवलं, याचा मला खरंच राग येतो.

तुम्ही शेवटी भाच्याचा विषय काढलाय, त्याच्यासाठीच विचारतो. कोणता हात, अंगठा कुठपर्यंत वाकतो, अर्धा किलो वजन किती वेळ पेलतो आणि फोटो कशाचे काढायचेत, एवढं त्यालाच विचारून कळवा. दुकानात जाण्याआधी कळवा, त्याच्या बजेटमधली सेकंडहँड बॉडी बघू.