दहावीनंतर गाणं कुठे जातं?

दहावीचा निकाल लागला की माझ्या क्लासच्या दारातल्या चपला कमी होतात. बावीस वर्षं नाशिकच्या इंदिरानगरात घरच्याच दोन खोल्यांत गाणं शिकवतेय, आणि दर वर्षी हे बघते. एप्रिलपर्यंत संध्याकाळच्या बॅचला जिन्यापर्यंत चपला असतात. मग अकरावी येते, जेईई-नीटचे क्लास येतात, आणि सात-आठ वर्षं शिकलेली मुलं एकेक करून दिसेनाशी होतात. आईबाबा सांगतात, "ताई, बारावी झाली की परत येईल ती." या बावीस वर्षांत परत आलेली मुलं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

गेल्या आठवड्यात एका बाबांचा फोन आला. मुलगी सातवीत आहे. पहिलाच प्रश्न, "आत्ता घातलं तर दहावीपर्यंत किती परीक्षा बसतात?" त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव कलागुण मिळतात, आणि त्या गुणांमुळे किती तरी घरांत पहिल्यांदा तबला आला, पेटी आली. मला त्याचा आनंदच आहे. पण प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या धापा टाकत चढणाऱ्या मुलाला भूप रागाचा गंधार किती वेळ धरून बसावासा वाटेल? भूप परीक्षेपुरता येतो आणि परीक्षेबरोबर जातो. पुढच्या, विशारद परीक्षेपर्यंत पोचणारी मुलं थोडी, आणि त्याच्याही पुढची अलंकार केलेली तर मला नावानिशी सांगता येतील.

आज मनातलं एकच म्हणणं मांडायचं आहे. आपलं नाशिक दहा वर्षांच्या मुलाचं भरभरून कौतुक करतं आणि तोच मुलगा अठराचा झाला की त्याच्याकडे बघतही नाही. गाणारा माणूस घडतो तो मात्र याच मधल्या वर्षांत.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. नऊ वर्षांचा असताना आला. काळी चार या उंच पट्टीत गायचा आणि तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, असा सहज जाऊन टेकायचा की बाकीची मुलं गायचं थांबून त्याच्याकडे बघत राहायची. शाळाशाळांतल्या स्पर्धा, गणेशोत्सव, नवरात्र, कुठेही पाठवा, करंडक घेऊन यायचा. त्यांच्या घरातल्या शोकेसमध्ये जागा उरली नव्हती. तेराव्या वर्षी आवाज फुटायला लागला. मला ते कळत होतं. तरी एका स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा मी हो म्हटलं. अंतऱ्यात वर जाताना त्याचा आवाज चिरकला, पुढच्या रांगेतली मुलं हसली. तो गाणं अर्धवट सोडून उठला. रात्री त्याचे वडील म्हणाले, "ताई, याचा गळा गेला हो."

गळा जात नसतो. मुलग्यांचं स्वरयंत्र त्या वयात झपाट्याने वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. काळी चारमध्ये गाणारा मुलगा काळी एक किंवा पांढरी दोनपाशी येऊन स्थिरावतो, आणि त्याला कधी कधी वर्ष-दीड वर्ष लागतं. तेवढ्या काळात मंचावर पाठवायचं नाही, वरचे स्वर ओढायला लावायचे नाहीत. सकाळी शांतपणे खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लावायचा, सापडतील तेवढेच स्वर गायचे. बंदिशी पाठ कराव्यात, हातात तबला द्यावा, खूप ऐकवावं. कान तयार करायला याहून चांगला काळ नाही. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी त्याला त्या दिवशी पाठवलं, ही खंत आजही जात नाही. तो परत आला नाही. आता पुण्यात नोकरी करतो. दिवाळीत नमस्काराला येतो, तानपुऱ्याकडे बघतो आणि दुसरंच काहीतरी बोलतो.

त्याची आठवण आली की मला आपल्याच गावात जन्मलेला दुसरा एक मुलगा आठवतो. थोर गायक दत्तात्रेय विष्णु पलुसकर, म्हणजे आपले बापूराव. जन्म नाशिकचा, २८ मे १९२१. वडील पं. विष्णु दिगंबर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि नंतर मुंबईला आणलं. पुढे नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापून ते इथेच राहिले. १९३१ मध्ये विष्णु दिगंबर बुवा गेले तेव्हा बापूराव दहा वर्षांचे होते. एवढ्या मोठ्या बापाचं पोर, पण शिकवायला बापच उरला नाही. बुवांच्या शिष्यांनी, विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी, या मुलाचं गाणं आपल्या शिरावर घेतलं. १९३५ मध्ये चौदाव्या वर्षी ते जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायले. आणि १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, गेलेसुद्धा. तेवढ्या आयुष्यातलं त्यांचं गाणं आजही ऐका, एक स्वर इकडचा तिकडे होत नाही.

बापूरावांकडे प्रतिभा होती हे सांगायला नकोच. माझं लक्ष दहा ते वीस या वर्षांकडे जातं. त्या वर्षांत त्यांना धरून ठेवणारी माणसं होती. विष्णु दिगंबरांनी लाहोरला हेच तर केलं होतं. निवडक मुलांचा राहण्या-जेवणाचा भार विद्यालय उचलायचं आणि बदल्यात मुलांनी कित्येक वर्षं टिकून शिकायचं, शिकवायचं. पोट आणि गाणं यांतलं एक निवडायची वेळ मुलावर येऊ नये, हा त्यामागचा विचार. शंभर वर्षं उलटली. आजची मुलं सोळाव्या वर्षी पुन्हा तीच निवड करताहेत.

कुमार गंधर्वांचंही तेच. लहानपणी मैफिली गाजवत होते, मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गायचे. अकरा-बारा वर्षांचे असताना ते मुंबईला देवधर मास्तरांकडे आले आणि तिथे वर्षानुवर्षं शिकत राहिले. देवधर मास्तर विष्णु दिगंबरांचेच शिष्य. गाजत असलेल्या मुलाला घरातल्यांनी गुरूकडे नेऊन सोडलं, याचं मला फार मोल वाटतं. आज टीव्हीवर दीड-दोन मिनिटं गाऊन आलेल्या मुलाला पुढचं वर्षभर किती ठिकाणी फिरवतात ते बघा. त्याच्या हातात हार येतात, पण रियाजाचे तास हातातून जातात.

तबल्याचं दुखणं थोडं वेगळं आहे. लय नाशिकच्या मुलांच्या अंगात आहे. इथला ढोल देशभर वाजतो. ताशावर बसलेलं दहा वर्षांचं पोर बघितलं की हे मी कोणाला पटवून द्यायची गरज उरत नाही. तबला शिकवणारी मोठी परंपराही आपल्या गावात आहे. मुलं रेला, म्हणजे जलद बोलांची रचना, असा वाजवतात की सभागृह टाळ्यांनी भरून जातं. आणि तोच मुलगा विलंबित एकतालाला, म्हणजे बारा मात्रांच्या संथ तालाला, साथीला बसला की चौथ्या आवर्तनात लय पुढे सरकायला लागते. एक आवर्तन पाऊण मिनिट चालतं, दोन मात्रांमधली ती शांतता सांभाळायला वेगळीच तयारी लागते. ती गाणाऱ्यासोबत रोज बसल्याशिवाय येत नाही. माझ्याकडे गाणाऱ्या मुलींना साथीदार मिळत नाहीत आणि तबल्याच्या मुलांना गाणारं कोणी मिळत नाही, अशी आमची सगळ्यांचीच अडचण आहे. तबला शिकवणाऱ्या नाशिकच्या गुरुजनांना हात जोडून सांगते, आठवड्यातला एक दिवस मुलं एकमेकांकडे पाठवूया. मी सोमवारची संध्याकाळ द्यायला तयार आहे.

आता एका मुलीबद्दल. पिंपळगाव बसवंतहून येते, वय वीस. पहाटेची एसटी पकडून सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरते, तिथून सिटीलिंकच्या शहर बसने माझ्याकडे. वडिलांची थोडी द्राक्षबाग आहे. जानेवारी ते मार्च काढणीच्या दिवसांत क्लास बुडतो तेव्हा ती आधी सांगते, नंतर भरून काढते. बी.ए. चालू आहे. तोडी राग शिकतेय. तोडीचा गंधार अजून किंचित वर जातो तिचा, ते तिला माझ्याआधी कळतं आणि ती थांबून पुन्हा लावते. असं कळणं शिकवून येत नाही. तिला आकाशवाणीची ऑडिशन द्यायची आहे, आणि जमलंच तर पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात जायचं आहे. तिथे १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने शिकवतात. "ताई, मला शिकवायचंही आहे, गावातच," असं म्हणते.

या मुलीला मागच्या वर्षी इथल्याच एका मोठ्या कार्यक्रमात चाळीस मिनिटं गायला बोलावलं. ती सुरेख गायली. शेवटी शाल, श्रीफळ आणि "व्यासपीठ मिळालं ना" एवढंच. तबलजीला मानधन मिळालं, निवेदकाला मिळालं, मंडपवाल्याला मिळालं. ती शेवटची एसटी चुकेल म्हणून धावत निघाली. हे सांगताना आजही माझा घसा दाटून येतो. मी आयोजकांशी बोलले तेव्हा उत्तर आलं, "अजून लहान आहे हो ती."

लहान नाही ती. वीस वर्षांची आहे आणि त्यातली अकरा वर्षं गातेय.

पाडवा पहाट करणाऱ्या मंडळांना, गणेशोत्सवात चार-पाच लाख साउंडवर घालवणाऱ्यांना, सोसायट्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बाहेरचा मोठा कलाकार जरूर बोलवा, आम्हीही ऐकायला येऊ. पण त्याच्या आधीचा पाऊण तास नाशिक जिल्ह्यातल्या अठरा ते पंचवीस वयाच्या एका मुलाला किंवा मुलीला द्या. पाकिटात दोन हजार का असेनात, पण द्या. येण्या-जाण्याचं भाडं वेगळं.

आणि आईबाबांनो, एक कामाची गोष्ट. केंद्र सरकारच्या सीसीआरटीची, म्हणजे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, शिष्यवृत्ती असते. अर्ज दहा ते चौदा याच वयात करता येतो आणि मिळाली तर नूतनीकरण होत विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. रक्कम फार नाही, पण मुलाच्या मनात "माझं गाणं कोणीतरी मोजलंय" हे राहतं. चौदावं उलटल्यावर माझ्याकडे येऊन विचारू नका, आधी या. अकरावीला क्लास बंद करायचाच असेल तर पूर्ण बंद नको. आठवड्यातून एकदा पाठवा, एक तास. घरी रोज वीस मिनिटं तानपुरा लावून नुसता षड्ज. दोन वर्षांनी परत येईल तेव्हा निदान आवाज ओळखीचा असेल.

येत्या महिन्यापासून दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्याकडे घरगुती बैठक ठेवतेय. माईक नाही, सतरंजी आहे, साठ माणसं बसतील. गाणारे-वाजवणारे सगळे पंचविशीच्या आतले. पहिल्या बैठकीत पिंपळगावची मुलगी तोडी गाणार आहे आणि साथीला सातपूरचा एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. दोघं गेले तीन सोमवार एकत्र बसताहेत. दाराशी एक डबा ठेवलेला असेल. त्यात जे जमेल ते सगळं त्या दोघांचं. यायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, पत्ता कळवते.