व्हॅक्सीनमधली गाय आणि फॉरवर्डमधलं रक्त

घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड अधूनमधून डोकं वर काढतो. त्यातलं म्हणणं असं: व्हॅक्सीन हा शब्द ‘व्हाका’ म्हणजे गाय या लॅटिन शब्दावरून आलाय, म्हणून प्रत्येक लशीत गाईचं रक्त असतं. लशीची विद्या मुळात धन्वंतरींच्या ग्रंथातली, इंग्रजांनी ती ढापली. आणि इम्युनिटी म्हणजे रोगातून पूर्ण सुटका. तेव्हा लस घेऊनही आजारी पडलात तर तुम्हाला गंडवलंय.

व्युत्पत्ती खरी आहे. पुढचं सगळं पदरचं.

मे १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने देवीच्या रोगापासून बचावासाठी सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. तिला झाला होता तो गाईच्या सडांवर देवीसारखे फोड आणणारा सौम्य रोग. धारा काढताना तो माणसाच्या हाताला लागे. जेन्नरने १७९८ च्या पुस्तकात त्याला ‘व्हॅरिओले व्हॅक्सिने’, म्हणजे गाईच्या देवी, म्हटलं. नाव रोगाचं आहे, रक्ताचं नाही. गंमत म्हणजे हा रोग घोड्यांच्या पायांवरून गाईंकडे येतो, असा खुद्द जेन्नरचाच तर्क होता. आणि १९०२ सालच्या एका जपून ठेवलेल्या लशीची जनुकीय तपासणी अलीकडे झाली, तेव्हा तिच्यातला विषाणू घोड्यांच्या देवीच्या अगदी जवळचा निघाला. म्हणजे देवीच्या लशीतसुद्धा गाय नक्की किती, हा प्रश्नच आहे.

मग रेबीजच्या लशीला व्हॅक्सीन का म्हणायचं? कारण १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यकीय परिषदेत लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ तो शब्द सगळ्याच लशींना लावावा असं सुचवलं. तेव्हापासून गाय फक्त नावात उरली.

वासराच्या रक्तातला सीरम काही लशींसाठी लागणाऱ्या पेशी वाढवायला वापरतात, हे खरं आहे. २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनवरून त्यावर गदारोळ झाला, तेव्हा केंद्र सरकारने खुलासा केला की तो फक्त पेशी वाढवण्यापुरता असतो, तयार लशीत उरत नाही. ‘काही’चं ‘प्रत्येक’ करायला फॉरवर्ड करणाऱ्याला काय लागतं?

आता धन्वंतरी. गाईच्या सडावरचा द्रव टोचण्याचं वर्णन करणारा, धन्वंतरींच्या नावावरचा ‘शाक्तेय ग्रंथ’ १८१९ साली ‘मद्रास कुरियर’ या वृत्तपत्रातल्या एका पत्रातून पुढे आला. पत्रलेखकाने टोपणनाव घेतलं होतं. त्या ग्रंथाची पोथी कुणाच्या हाती लागलेली नाही. उलट, इथल्या लोकांनी लस घ्यावी म्हणून मद्रासच्या एलिस नावाच्या अधिकाऱ्याने संस्कृतात कविता रचली, जुन्या कागदावर उतरवली आणि ती ‘सापडली’ असं भासवलं, अशी हकीकत इंग्रजी लेखनातच आहे. म्हणजे ज्यांनी चोरी केली म्हणतो, त्यांच्याच बनावट मालाचा आपण अभिमान मिरवतोय!

खरं वैभव हवं असेल तर बंगालात बघा. तिथले टीकादार, म्हणजे देवी टोचणारे, माणसाच्या देवीच्या फोडातला आदल्या वर्षीचा द्रव कापसावर जपून ठेवत, गंगाजलाने ओला करत आणि दंडावर टोचत. हॉलवेल या इंग्रज डॉक्टरने १७६७ मध्ये त्याचं तपशीलवार वर्णन केलं. हिंदी-बंगालीत लशीला म्हणतात तो ‘टीका’ तोच. पण ही पद्धत वेगळी: यात माणसाचीच देवी टोचत, म्हणून धोकाही मोठा.

गाईवाली लस आपल्याकडे आली ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, मुंबईत. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. तिच्या फोडातला द्रव पुढच्या मुलांना, त्यांच्याकडून आणखी पुढे, अशी दंडादंडावरून ती पुण्या-सुरतेकडे गेली. फोडातून पाझरणारा पातळ द्रव म्हणजे लस. आपला शब्द त्या अर्थी फारच सरळ आहे.

राहता राहिली इम्युनिटी. रोमन काळात ‘इम्युनिस’ म्हणजे करातून, सार्वजनिक कामातून सूट मिळालेला माणूस. त्या सवलतीवरून लस किती टिकेल हे ठरत नाही. देवीची लससुद्धा जन्मभर पुरत नसे, काही वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावी लागे. तरी १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलंच.