गल्लीला ऐकू जातं, पेडलला नाही

ट्रम्पेट फुंकला की तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठतं आणि खालच्या वॉचमनचीही झोपमोड होते. पण त्याच ट्रम्पेटसमोरचा माईक गिटारच्या पेडलला, म्हणजे आवाजाचा रंग बदलणाऱ्या पायाखालच्या डबीला, जोडून बघा. पेडल ढिम्म!

दोष पेडलचा नाही. साधा डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) माईक ९४ डेसिबलच्या आवाजाला जेमतेम दोन मिलिव्होल्ट देतो. गिटारच्या पिकअपच्या, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाच्या, दणकट सिग्नलची सवय असलेल्या पेडलला हे चिल्लर वाटतं. म्हणून हळुवार जागा खरखरीत बुडतात. वैतागून पेडलचा गेन (आत येणारा सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवावा, तर पुढच्याच तार स्वराला भोंग्यापाशी १२० च्या वर डेसिबल जातात आणि आवाज फाटतो.

त्यात एका टोकाला एक्सएलआर (माईकची तीन पिनांची जोडणी), दुसऱ्या टोकाला जॅक (गिटारच्या वायरीची जोडणी) असली वायर बाजारात सहज मिळते. ती घेऊ नका. बहुतेकदा तिच्यात पिन एक आणि तीन एकत्र बांधलेल्या असतात. बॅलन्स्ड लाइनचा (बाहेरची घूं खोडून काढणाऱ्या दोन तारांच्या जोडणीचा) फायदा तिथेच संपतो, आणि घूं सुरू. डायनॅमिक माईक असेल तर मधे त्याचा सिग्नल पेडलजोगा करणारा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर घाला. भोंग्याला चिमट्याने लावायचा कंडेन्सर (वीज लागणारा) माईक असेल तर फँटम, म्हणजे वायरीतूनच माईकला वीज, देणारा प्रीअँपच (माईकचा सिग्नल वाढवणारी डबी) हवा. ते ४८ व्होल्ट पेडल देईल ही आशा सोडा, त्याचाच संसार ९ व्होल्टवर चाललेला असतो.

प्रीअँपनंतर आधी ऑक्टेव्ह (स्वर सप्तकभर वर-खाली नेणारं पेडल), मग वाह (पायाने ‘वा-वा’ करवणारं), शेवटी डिले (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं) आणि रिव्हर्ब (घुमारा देणारं). ट्रम्पेट एका वेळी एकच स्वर देतो, म्हणून ऑक्टेव्हला तो नीट पकडता येतो; पण आधी डिले लावलात तर मागचे-पुढचे स्वर एकमेकांत घुसतात आणि ते पेडल बरळायला लागतं. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी सत्तरच्या दशकात ट्रम्पेटला वाह लावून दाखवला, तेव्हापासून प्रत्येकाला तो हवाच असतो. डिस्टॉर्शनही (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) हवं असतं. माझं ऐकाल तर ती हौस सर्वांत शेवटी पुरवा. ते आवाज दाबून वर उचलतं, म्हणजे तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की माईक समोरचा मॉनिटर (वादकाला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) ऐकतो आणि शिट्टी मारतो. मॉनिटर कार्डिऑइड (मागचा आवाज कमी घेणाऱ्या) माईकच्या बरोबर पाठीमागे ठेवा.

पेडलमधून निघालेली वायर डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरजोगा करणाऱ्या डबीतून) मिक्सरला द्या. मिक्सरच्या ऑक्समधून (आवाज बाहेर पाठवायच्या वेगळ्या वाटेने) पेडलला पाठवून परत आणणार असाल, तर परतीच्या चॅनेलचा तोच ऑक्स शून्यावर ठेवायला साउंडवाल्याला बजावून सांगा. नाहीतर आवाज स्वतःच्याच मागे धावतो आणि वाढता वाढता मांडव दणाणून सोडतो.

उरली थुंकी. पाणी काढायची चावी ट्रम्पेटच्या पुढच्या वळणाला असते, आणि पायाने दाबता यावीत म्हणून पेडलही नेमकी तिथेच, तिच्या खाली मांडलेली असतात. पेडलचा बोर्ड उजवीकडे सरकवा आणि डावीकडे एक जुना टॉवेल अंथरा. चावी दाबायची ती टॉवेलवरच.