‘चारचौघांत घडलं’ म्हणजे कुणीही उचलावं असं नाही

नमस्कार. लोकलमध्ये अनोळखी बायकांचे रील्स न विचारता काढू नयेत, असं मी लिहिलं होतं. त्या लेखाला उत्तर म्हणून तुम्ही लिहिलंत की डब्यात चारचौघांसमोर घडतं ते खाजगी नसतं, कुणी दिसू नये असं वाटत असेल तर घरी बसावं. शिवाय, लेखक मंडळी वर्षानुवर्षं अनोळखी माणसांबद्दल असंच न विचारता लिहीत आली, मग मोबाइलवाल्यांनीच काय घोडं मारलं?

हा शेवटचा प्रश्न मला लागला, म्हणून आधी तोच घेते. एसटीत मागच्या सीटवर एक बाई मैत्रिणीला आपल्या मोडलेल्या लग्नाबद्दल सांगत होती. मी ते इथेच लिहिलं होतं. नाव दिलं नव्हतं, पण गाडीची वेळ, थांबा, माहेरचं दुकान, सगळं जसंच्या तसं. महिन्याभराने त्याच तालुक्यातल्या एकाने विचारलं, ‘ही अमक्यांची मुलगी का?’ मी तो लेख काढून टाकला. तिची परवानगी घ्यायची सोय नव्हती, म्हणजे लिहायलाच नको होतं. तेव्हा लेखणीला वेगळा न्याय नको, हे मान्य.

बाकीचं मात्र पटत नाही. मी रोज कल्याणहून येते. डब्यात कुणी फोनवर रडतं, कुणी मांडीवर मटार सोलतं, कुणी चौथ्या सीटवरून भांडतं. पन्नास जणी बघतात आणि दादरला उतरेपर्यंत विसरतात. त्या विसरण्याच्या भरवशावरच तर आपण बाहेर वावरतो. तोच अर्धा मिनिट वर गाणं लावून सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला की तो भरवसा संपला.

‘कौतुकाने केलेल्या व्हिडिओंचं काय?’ असंही तुम्ही विचारलंत. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेत एका विमानप्रवासात एकीने पुढच्या सीटवरच्या एका अनोळखी तरुण-तरुणीचं बोलणं फोटोंसकट ट्विटरवर टाकलं, प्रेमकथा म्हणून. हेतू वाईट नव्हता, लोकांनाही ते गोड वाटलं. मग लोकांनीच त्या तरुणीला शोधून काढलं, तिला घाणेरडं बोलले. अखेर तिला वकिलामार्फत सांगावं लागलं की हे सगळं माझ्या नकळत, संमतीविना झालं.

कायद्याचं म्हणाल तर खाजगीपणाच्या हक्काबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात न्या. चंद्रचूड यांनी स्पष्ट लिहिलंय की माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून त्याचा खाजगीपणाचा हक्क संपत नाही. पण चोरून चित्रण करण्याविरुद्धचं भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ अगदी मोजक्या प्रसंगांपुरतं आहे. डब्यात तोंड उघडं टाकून झोपलेल्या बाईचं रील त्यात बसत नाही. छेड काढणाऱ्याचं चित्रण करून पोलिसांना देणं ही निराळी गोष्ट, ते जरूर करा.

आणि ‘घरी बसावं’ हे कुणाला? ती झोपलेली बाई पहाटे चारला उठून घरच्यांचे डबे भरून निघालेली असते. दिवसभरात तिला बसायला मिळते ती तेवढीच सीट.