ऑर्डर मुलांनाच देऊ द्या

हॉटेलात आई किंवा बाबा बसलेले असतात आणि शेजारी चार-पाच वर्षांचं मूल. वेटर येतो, मोठ्या माणसाकडे बघतो आणि विचारतो, "छोट्याला काय आणू?" मोठं माणूस उत्तर देऊन मोकळं होतं. ज्याच्या जेवणाबद्दल हे बोलणं झालं ते मूल नुसतं दोघांच्या तोंडाकडे बघत राहतं. मला हे अजिबात पटत नाही. ज्या मुलाला बोलता येतं त्याची ऑर्डर त्यानेच द्यावी, वेटरकडे बघून, स्वतःच्या तोंडाने. हे शिकायला घराजवळचं एखादं साधं हॉटेल हवं, आणि सोबत आई-बाबांपैकी एकच जण.

माझी लेक आणि मी अशा दोघीच अधूनमधून जेवायला जातो. "सगळेच जाऊया की" असं घरातून म्हटलं जातं आणि तसंही आम्ही जातोच. पण आठ-दहा जणांच्या टेबलावर मुलाची जागा कुठे असते ते एकदा नीट बघा. मोठ्यांच्या गप्पा त्याच्या डोक्यावरून चाललेल्या असतात. त्याने काय खायचं ते तीन जण तीन तऱ्हेने सांगतात आणि शेवटी त्याने गप्प बसावं म्हणून हातात मोबाइल येतो. दोघांच्या टेबलावर हे होऊच शकत नाही. तिथे ते मूल बोललं नाही तर टेबलावर शांतता असते, म्हणून मग ते बोलतं आणि आपणही ऐकतो.

जवळचं हॉटेल म्हणते त्यालाही कारण आहे. लांबच्या, खास प्रसंगाच्या जागी गेलं की सगळं व्यवस्थित पार पडावं असा ताण मोठ्यांच्या मनात असतो आणि मुलांना तो लगेच जाणवतो. ओळखीच्या जागी तसं नसतं. तेच टेबल, तेच चेहरे. तिथले एक वेटरकाका आता माझ्याआधी तिला विचारतात. सुरुवातीला ती माझ्या कानात सांगायची आणि मी म्हणायचे, "मला नको, काकांना सांग." पुढे आवाज आला, मग "काका, जरा कमी तिखट कराल?" असं पूर्ण वाक्य आलं. अनोळखी मोठ्या माणसाला आपलं म्हणणं न घाबरता, नीट शब्दांत सांगता येणं ही आयुष्यभर लागणारी गोष्ट आहे. चुकलं तरी फार काही बिघडणार नाही अशी ती शिकायची जागा मला तरी दुसरी माहीत नाही.

"पण मुलांना काय कळतं, ती काहीही मागतील," हा आक्षेप मी पुष्कळांकडून ऐकला आहे. त्यावर मला डॉ. क्लारा डेव्हिस आठवतात. या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२०च्या दशकात एक प्रयोग सुरू केला. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेली १५ बाळं आणि ३४ साधे, सकस पदार्थ. त्यांतले काही वेगवेगळ्या वाट्यांत बाळापुढे ठेवले जायचे. परिचारिका चमचा घेऊन नुसती बसायची. बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच तिने चमचा भरायचा. "हे खा" म्हणायचं नाही, "ते नको" म्हणायचं नाही, चेहऱ्यावर नाराजीसुद्धा दाखवायची नाही. बाळं कधी एकाच पदार्थावर तुटून पडायची, कधी भलत्याच जोड्या जमवायची, पण वाढली सगळी छान. त्यांतल्या काही बाळांना मुडदूस होता, एकाला तर फारच. त्या बाळाने पुढे ठेवलेलं कॉड माशाचं तेल आपणहून प्यायलं, आणि बरं झाल्यावर सोडून दिलं.

यावरून "मुलांना काय हवं ते खाऊ द्या" असा अर्थ काढणाऱ्यांना डेव्हिस यांनी स्वतःच अडवलं होतं. खरी युक्ती पदार्थांच्या यादीत आहे, असं त्यांनी १९३९ मध्ये स्पष्ट लिहिलं. त्या यादीत साखर घातलेलं, कारखान्यातून आलेलं काही नव्हतंच. म्हणजे यादी मोठ्यांनी करायची, निवड मुलांनी. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पुढे हीच वाटणी साध्या शब्दांत मांडली: काय, कधी आणि कुठे हे आईवडिलांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

हॉटेलात हे किती सोपं होतं! अख्खं मेनूकार्ड मी तिच्यापुढे टाकत नाही. "आज या तिन्हींतलं काय?" असं विचारते. ती तिन्ही नावं मला चालणारी असतात, आणि त्यांतलं एक निवडलं की ते तिचं. मग मध्येच "अगं, त्यापेक्षा ते दुसरं घे ना" असं मी म्हणत नाही. निवडायला सांगून नंतर निवड मोडली तर पुढच्या वेळी मूल निवडतच नाही, आपल्या तोंडाकडे बघतं.

आता उरलेल्या अन्नाचं. अन्न टाकणं मलाही सहन होत नाही. पण हॉटेलातली प्लेट मोठ्या माणसाच्या भुकेच्या अंदाजाने भरलेली असते. ती संपव म्हणून पाच वर्षांच्या पोराच्या मागे लागणं म्हणजे त्याच्या पोटाने दिलेली खूण त्यालाच खोटी ठरवायला लावणं. "पोट भरलं" हे त्याला आतून कळतं. ती जाण एकदा बोथट झाली की मोठेपणी परत मिळवताना माणसं किती झगडतात ते आपण आजूबाजूला बघतोच. त्यामुळे अर्धी प्लेट मागावी, नसेल तर एकच मागवून दोघांत वाटून घ्यावी, उरलं तर बांधून घ्यावं. एवढं करूनही चार घास राहिले तर राहू द्यावेत.

घरच्या जेवणात आणि हॉटेलच्या जेवणात मला सगळ्यात मोठा वाटतो तो फरक वेगळाच आहे. घरी मी रांधणारी असते. तास-दीड तास राबून केलेलं तिने नाक मुरडून सरकवलं की ते मला लागतं, कितीही समजूतदार असले तरी. मग माझ्या आवाजात ते उतरतं आणि पदार्थ बाजूला राहून आमच्या दोघींतच काहीतरी सुरू होतं. हॉटेलात आम्ही दोघीही खाणाऱ्या. तिला एखादी गोष्ट आवडली नाही तर ते त्या पदार्थाबद्दलचं मत असतं, माझ्याबद्दलचं नसतं. ती म्हणते, "मला याचा वास नाही आवडला." मी म्हणते, "मला आवडला." विषय संपतो. शिवाय कुणाला उठायचं नसतं. घरी माझं निम्मं जेवण वाढण्यात आणि काहीतरी आणायला उठण्यात जातं. इथे मी पूर्ण वेळ तिच्यासमोर बसलेली असते. घरी आठवडाभरात न निघालेल्या गोष्टी जेवण यायची वाट बघताना निघतात. वर्गात कुणाशी फाटलंय, कुठल्या तासाला भीती वाटते, मोठं झाल्यावर काय व्हायचं ते आता का बदललं. मी विचारलेलं नसतं. वाट बघायला लागते म्हणून ती बोलते.

नव्या चवींनाही हीच जागा बरी. साधारण दोन ते सहा या वयात बहुतेक मुलं नवं अन्न बघताच मागे सरतात. त्यात हट्ट किंवा वाईट सवय असं काही नाही, ते त्या वयाचं लक्षणच आहे. लीअ‍ॅन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्यावर अनेक वर्षं काम केलं. १९८२च्या एका अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना नवे पदार्थ कमी-जास्त वेळा चाखायला दिले होते. जो पदार्थ जास्त वेळा चाखला गेला तोच जास्त आवडू लागला. म्हणजे एका नकारावरून "आमच्याकडे हे खातच नाही" असा शिक्का मारण्यात अर्थ नाही. मी माझ्यासाठी तिच्यापेक्षा वेगळं काहीतरी मागवते आणि प्लेट दोघींच्या मध्ये ठेवते. "एक घास तरी" हे शब्द मी वापरत नाही. तिला वाटलं तर ती बोट लावते, चाटते, तोंड वाकडं करते, पाणी पिते. पुढच्या खेपेला पुन्हा बोट लावते. मनाईचा परिणामही बर्च यांनी तपासला होता. १९९९ मध्ये जेनिफर फिशर यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात समोर दिसणारा खाऊ मुलांना काही काळ घेऊ दिला नाही, तर त्यांचं लक्ष आणि बोलणं त्याच खाऊभोवती फिरू लागलं. त्यामुळे जेवणानंतरचं गोड मी बक्षीस म्हणून टांगत नाही. मागवायचं असेल तर मागवतो, नसेल तर तो विषयच निघत नाही.

मुलांच्या वेगळ्या मेनूकार्डाशी माझं भांडण आहे. त्याचा इतिहास वाचला आणि ते वाढलंच. अमेरिकेत १९२०च्या सुरुवातीला दारूबंदी लागू झाली, हॉटेलांचं उत्पन्न घटलं आणि मग त्यांना कुटुंबं आणि मुलं ग्राहक म्हणून दिसू लागली. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरियाने १९२१ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र मेनूकार्ड काढलं. त्या काळच्या वैद्यकीय समजुतीप्रमाणे मुलांचं अन्न मऊ आणि फिकं असावं म्हणून पदार्थही तसेच होते. आज ती समजूत गेली, वेगळं पान मात्र राहिलं, आणि त्यावर बहुतेक ठिकाणी तळलेलं किंवा गोड तेवढं असतं. ज्या हॉटेलात मोठ्यांसाठी दोन पानं भरून पदार्थ आहेत तिथे मुलांना चारच नावांत का कोंडायचं? मोठ्यांचाच पदार्थ कमी तिखट आणि थोडा द्या. बहुतेक स्वयंपाकघरं देतात, आपण विचारत नाही.

मोबाइलबद्दल बोलताना आपण नेहमी मुलांच्या हातातल्या मोबाइलबद्दल बोलतो. जेनी रडेस्की या बालरोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नजर मोठ्यांवर ठेवली होती. बॉस्टन परिसरातल्या फास्ट फूड रेस्टॉरंटमध्ये मुलांना घेऊन आलेल्या ५५ मोठ्या माणसांचं निरीक्षण केलं. त्यांतल्या ४० जणांनी जेवताना मोबाइल वापरला. काही तर त्यात इतके बुडालेले होते की मुलं लक्ष वेधायला जास्तच दंगा करू लागली आणि त्यावर मोठी माणसं खेकसली. हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण हे दृश्य मी आमच्या बाजूच्या टेबलावर कितीदा तरी पाहिलं आहे. मूल दोनदा हाक मारतं, तिसऱ्यांदा चमचा आपटतं, आणि ओरडा त्या चमच्यासाठी बसतो. आधीच्या दोन हाका कुणी मोजत नाही. आमच्या टेबलावर दोघींचंही काही बाहेर निघत नाही. फोन पिशवीत असतो, आवाज बंद करून.

बाकीच्यांचा विचार करायलाच हवा. मूल रडायला लागलं तर त्याला उचलून बाहेर न्यावं, शांत झालं की परत यावं. टेबलांमधून पळू देऊ नये. वेटरच्या हातात उकळतं काहीतरी असतं आणि त्याच्या पायाशी आलेलं मूल त्याला दिसत नाही. भुकेच्या वेळेच्या थोडं आधी आणि गर्दीच्या आधी जावं, निम्मा त्रास तिथेच वाचतो. मुलाला कशाची अ‍ॅलर्जी असेल तर "यात ते घालत नाहीत ना?" एवढ्यावर थांबू नका. तळणीचं तेल आणि भांडी तीच वापरतात का, तेही विचारा. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना गोल, कडक किंवा निसटते तुकडे तसेच देऊ नका. लहान गोल फळं उभी चिरून द्या.

आणि एक मागणं हॉटेलवाल्यांकडे. मुलांसाठी रंगीत भिंती, खेळणी नसली तरी चालेल. अर्धी प्लेट द्या. टेबलापर्यंत हात पोचेल अशी एखादी खुर्ची ठेवा. ऑर्डर घेणाऱ्या माणसाला एवढंच सांगा की मुलाला विचारताना त्याच्याकडे बघून विचार, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांब. आई मध्ये बोलायला लागली तरी थांब. मागचं टेबल अर्धा मिनिट थांबू शकतं.